ओव्हरबर्न : सीडीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त डेटा मारायचा असेल तर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि तिकडे पार चाळीसगाव-मालेगावपर्यंत लोकांना अजून सीडी लागते. लग्नाची शूटिंग, गावच्या कीर्तन सप्ताहाचं रेकॉर्डिंग, गाडीतला जुना प्लेयर, वकिलाकडे द्यायचा पुरावा, कारणं वेगवेगळी पण अडतं सगळ्यांचं एकाच जागी, की डेटा थोडासाच जास्त होतोय आणि दुसरी सीडी वापरायची नाहीये. म्हणून जे प्रश्न येत राहतात ते इथे एकत्र केलेत. एक आधीच सांगतो, ओव्हरबर्न होतं, चांगलं होतं, पण जी गोष्ट परत मिळणार नाही तिची एकुलती एक कॉपी अशी मारू नका. आणि विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ओव्हरबर्नची गरजच नसते, म्हणून जिथे दुसरा रस्ता आहे तिथे तो आधी सांगितलाय.

१. दादा, ओव्हरबर्न म्हणजे नेमकं काय होतं? सीडीची जागा वाढते का?

जागा वाढत नाही, डेटा दाबूनही बसवला जात नाही. कोऱ्या सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक गोल खाच असते आणि लेझर तिच्यावरून चालतो. सगळ्यात आत लीड-इन, म्हणजे सीडीची अनुक्रमणिका, मग तुमचा डेटा, आणि डेटा संपला की लीड-आऊट नावाची रिकामी पट्टी. पहिल्या सेशनची, म्हणजे पहिल्यांदा मारून बंद केलेल्या भागाची, ही पट्टी दीड मिनिटाची असते, ६७५० सेक्टर (सेक्टर म्हणजे सीडीवरचा डेटाचा एक तुकडा), डेटाच्या हिशोबात साधारण १३ एमबी. प्लेयरला शेवट कळावा आणि हेड शोधताना जरा पुढे सरकलं तरी कोऱ्या जागेत भरकटू नये, एवढ्यासाठी ती आहे. त्याच्याही बाहेर कंपनीने थोडी खाच शिल्लक ठेवलेली असते. ओव्हरबर्न करताना तुमचा डेटा ह्या पट्टीच्या जागेत आणि त्या शिल्लक खाचेत जातो. शेताचा बांध नांगरून पेरलं तर दोन ओळी जास्त निघतात पण पाणी अडवायला काही राहत नाही, तसंच आहे हे.

२. सीडीवर ७०० एमबी लिहिलंय, मग खरी जागा किती?

सीडीचं माप मुळात मिनिटांचं आहे, कारण ती गाण्यांसाठी जन्मली. सेकंदाला ७५ सेक्टर, आणि साध्या डेटा सीडीत एका सेक्टरला २०४८ बाइट. ७४ मिनिटांची जुनी सीडी म्हणजे ३,३३,००० सेक्टर, साधारण ६५० एमबी. ८० मिनिटांची म्हणजे ३,६०,००० सेक्टर, साधारण ७०३ एमबी. हे एमबी विंडोज दाखवतं ते, १०,४८,५७६ बाइटवाले. म्हणजे ७०० लिहिलेल्या सीडीवर ओव्हरबर्न न करता पण अडीच-तीन एमबी जास्त बसतात.

एक आकडा लक्षात ठेवा, एक मिनिट म्हणजे ४५०० सेक्टर म्हणजे ८.८ एमबीच्या आसपास. पुढचे सगळे हिशोब त्यावर चालतात.

३. माझा फोल्डर ६९८ एमबीचा आहे तरी "जागा कमी आहे" येतं. असं का?

इथे ओव्हरबर्न लागतच नाही. तीन कारणं असतात. पहिलं, प्रत्येक फाइल २०४८ च्या पटीत बसते, एका बाइटची फाइल असली तरी पूर्ण सेक्टर जातो, त्यामुळे हजारो छोट्या फाइल असतील तर दर फाइलला सरासरी एक केबी वाया, पाच हजार फाइल म्हणजे जवळपास पाच एमबी गेले. त्यावर मराठी नावं, लांब नावं असतील तर जोलिएटची, म्हणजे अशी नावं ठेवायची वेगळी यादी बनते ती पण जागा खाते. उपाय सोपा, छोट्या फाइलींची एक झिप करून टाका.

दुसरं, त्या सीडीवर आधीच काहीतरी मारलेलं असतं आणि सेशन उघडं ठेवलेलं असतं. पहिलं सेशन बंद करताना लीड-इन आणि लीड-आऊट मिळून २२ एमबी जातात आणि पुढच्या प्रत्येक सेशनला १३ एमबी. थोडं थोडं करून चार वेळा मारलं की ६० एमबी तर ह्यातच संपले. एकदम भरा, एकदाच मारा.

तिसरं, सीडीच ७४ मिनिटांची असते. घरात पडलेल्या जुन्या सीडी एकदा उलट्या करून वाचा.

४. मग जास्तीत जास्त किती बसतं? कोणी म्हणतं ७३०, कोणी म्हणतं ८००.

चांगल्या ८० मिनिटांच्या सीडीवर साधारण ८१ ते ८२ मिनिटं, म्हणजे ७१२ ते ७२० एमबी, त्याच्या पुढे नशिबाची गोष्ट. ७४ वालीवर पण एक-दोन मिनिटंच समजा. ७३० एमबी एखाद्याचं झालं असेल, त्याची सीडी वेगळी, त्याची ड्राइव्ह वेगळी. ८०० चं जे सांगतात ते बहुतेक व्हीसीडीबद्दल बोलत असतात, ते प्रश्न १३ मध्ये बघा.

८० मिनिटांची सीडी आधीच ताणलेली असते हे पण समजून घ्या. खाचेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर मूळ १.६ मायक्रॉन, ८० वालीत ते १.५ च्या जवळ आणलंय, स्टँडर्डमध्ये जेवढी सूट आहे ती तिथेच वापरून झाली. वर बाहेरची जागा किती? सीडीची त्रिज्या ६० मिलिमीटर आणि डेटा ५८ मिलिमीटरपर्यंत यायला परवानगी. राहिले दोन मिलिमीटर, त्यातच लीड-आऊट, त्यातच कडेचा लाखेचा थर. सीडी मारून झाल्यावर खिडकीपाशी तिरकी धरून बघा, मारलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो. नीट भरलेल्या सीडीत कडेला कोरी कड राहते, ओव्हरबर्न केलेल्या सीडीत ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. आणि आपण सीडी हातात घेतो तेव्हा बोटं लागतात ती त्याच कडेला.

५. माझ्या सीडीवर किती जाईल हे मारायच्या आधी कसं कळेल?

सीडी बनवतानाच तिच्या खाचेत एक माहिती कोरलेली असते, एटिप म्हणतात तिला. लीड-आऊट जास्तीत जास्त कुठे सुरू होऊ शकतं ते त्यात असतं. कोरी सीडी टाकून इमेजबर्न हा सीडी मारायचा प्रोग्राम उघडला की उजवीकडच्या चौकटीत हे सगळं दिसतं. समजा ७९:५९:७२ (मिनिटं:सेकंद:सेक्टर) दिसलं तर त्यातून सुरुवातीचे दोन सेकंद वजा करून ३,५९,८४७ सेक्टर मोकळे, म्हणजे ७३,६९,६६,६५६ बाइट. तुमच्या इमेजचे, म्हणजे सीडीवर जायचं सगळं जिच्यात एकत्र असतं त्या फाइलचे, सेक्टर ह्याच्यापेक्षा किती जास्त आहेत ते काढा आणि ४५०० ने भागा, तेवढी मिनिटं तुम्ही ओव्हरबर्न करणार आहात. पाव-अर्धा मिनिट आलं तर निवांत मारा.

ही कागदावरची हद्द झाली. खरी हद्द बघायची तर नीरोच्या सीडी-डीव्हीडी स्पीडमध्ये ओव्हरबर्निंग टेस्ट आहे, ती लेझर कमी पॉवरवर ठेवून नुसतं मारल्यासारखं करते आणि ड्राइव्ह कुठपर्यंत जाते ते सांगते, सीडी कोरीच राहते. पण लक्षात घ्या, ही टेस्ट ड्राइव्ह आणि खाच कुठपर्यंत आहे तेवढं सांगते, तिथला रंगाचा थर, ज्यावर लेझर लिहितो तो, चांगला आहे का ते सांगत नाही. एकाच गठ्ठ्यातल्या सीडी साधारण सारख्या निघतात, सुट्ट्या आणलेल्या बिनानावाच्या सीडींचा भरवसा धरू नका.

६. सेटिंग कुठे असते? माझ्या नीरोत तर सरळ नाही म्हणतं.

नीरोत ऑप्शन्समध्ये जा, एक्स्पर्ट फीचर्समध्ये डिस्क-अॅट-वन्स (डीएओ, पुढच्या प्रश्नात बघा) ओव्हरबर्न चालू करायची टिक आहे आणि खाली जास्तीत जास्त किती मिनिटं ते टाकायचं असतं. तिथे ९९ टाकून मोकळे होऊ नका, जेवढं लागतंय त्याच्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त टाका, नाहीतर उद्या चुकून मोठा फोल्डर ओढला गेला तरी प्रोग्राम अडवणार नाही. इमेजबर्न स्वतःच विचारतं की इमेज मोठी आहे, कापू का ओव्हरबर्न करू, तिथे कापू म्हणू नका म्हणजे झालं. लिनक्सवाल्यांना के-थ्री-बीच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ओव्हरबर्निंगची परवानगी आहे, आणि कमांडवर काम करणाऱ्यांना सीडीरेकॉर्डमध्ये ओव्हरबर्न हा ऑप्शन डीएओसोबत द्यायचा. विंडोजचं स्वतःचं जे सीडी मारायचं असतं त्यात हे नाही, त्यात शोधत बसू नका.

आणि सगळं चालू करूनही सुरुवातीलाच नाही म्हटलं तर ड्राइव्हच परवानगी देत नाहीये. काही ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्राममध्ये, हे बंदच असतं, सॉफ्टवेअर बदलून काही होत नाही, दुसरी ड्राइव्ह लावून बघा.

७. डिस्क-अॅट-वन्सच का लागतं? ट्रॅक-अॅट-वन्समध्ये का नाही?

हा प्रश्न जो विचारतो त्याला अर्धं कळलेलं असतं. ट्रॅक-अॅट-वन्समध्ये आधी डेटा मारला जातो आणि अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, सीडी बंद करताना. आता कडेला पोचून मारणं फसलं तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि आतला सगळा चांगला डेटा असूनही सीडी कोरी असल्यासारखी वागते. डिस्क-अॅट-वन्समध्ये उलटं, अनुक्रमणिका पहिल्यांदा, मग डेटा, मग लीड-आऊट, लेझर मधे कुठे थांबतच नाही. त्यामुळे शेवट फसला तरी सुरुवात शाबूत राहते. प्रोग्राम डिस्क-अॅट-वन्सचीच सक्ती करतात ती ह्यासाठी, ती सक्ती चांगली आहे.

८. ९९ टक्क्यांवर गेलं आणि एरर आला. सीडी फेकून देऊ का?

थांबा, आधी टाकून बघा. डेटा पूर्ण गेलेला असतो आणि ड्राइव्ह लीड-आऊट लिहिताना अडकलेली असते, असं पुष्कळ वेळा होतं, कारण लीड-आऊटला खाचच उरलेली नसते. डिस्क-अॅट-वन्सने मारली असेल तर अशी सीडी वाचता येते. सगळा डेटा परत हार्डडिस्कवर कॉपी करा, नुसत्या फाइली दिसल्या म्हणून समाधान मानू नका, ते का हे पुढच्या प्रश्नात. कॉपी न अडखळता झाली तर सीडी वापरा, पण वर मार्करने "ओव्हरबर्न" लिहून ठेवा म्हणजे पुढे कोणाला कॉपी करायची झाली तर कळेल. मार्कर पाण्याचा घ्या, बॉलपेन नको, सीडीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक असते.

मारताना लाइट गेली तर ते वेगळं प्रकरण. बफर अंडररनचं, म्हणजे मधेच डेटा कमी पडण्यापासूनचं, संरक्षण असतं ते कॉम्प्युटर हळू झाला तर कामाचं, लाइट गेल्यावर नाही. आपल्याकडे लाइटीचा काय भरवसा, यूपीएस नसेल तर ओव्हरबर्नच काय, साधी सीडी पण भर दुपारी मारू नये असं माझं मत आहे.

९. सीडीवर फाइल दिसते, नाव दिसतं, साइज दिसते, पण उघडत नाही.

ओव्हरबर्नमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. डेटा सीडीत फाइलींची यादी अगदी सुरुवातीला असते, १६ व्या सेक्टरपासून तिचा पत्ता सुरू होतो. फाइली त्यानंतर. सीडीची कड वाचता येत नसली तरी यादी आतल्या बाजूला सुरक्षित असल्यामुळे सगळं व्यवस्थित दिसतं, आणि फक्त शेवटी बसलेली फाइल उघडत नाही. लोक काय करतात, सीडी टाकतात, फोल्डर उघडतात, दोन फोटो बघतात आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकतात. तो घरी जातो आणि नेमकी विदाईची क्लिप चालत नाही.

म्हणून दोन कामं करा. एक, मारून झाल्यावर व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) चालू ठेवा आणि शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून पूर्ण कॉपी करून बघा, कारण ज्या ड्राइव्हने मारली ती स्वतःचं लिहिलेलं बहुतेक वाचतेच. दोन, शेवटी काय बसेल ते आपल्या हातात घ्या. एमके-आयएसओ-एफएस ह्या इमेज बनवायच्या प्रोग्राममध्ये सॉर्टचा ऑप्शन आहे, फाइलींना वजन देऊन कोणती शेवटी जाईल ते ठरवता येतं. जी फाइल गेली तरी चालेल, दुसरीकडे मिळेल, ती शेवटी टाका. प्रोग्राम ऐकत नसेल तर इमेज बनवून इमेजबर्नमध्ये किंवा आयसोबस्टर ह्या सीडीतला डेटा काढायच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फाइल कोणत्या सेक्टरला सुरू होते ते बघून घ्या.

१०. स्पीड किती ठेवू?

५२ एक्स लिहिलेली ड्राइव्ह पूर्ण सीडी ५२ ने मारत नाही. आतल्या बाजूला ती हळू असते आणि बाहेर जाता जाता वाढत जाते, म्हणजे सगळ्यात जास्त स्पीड नेमका कडेला, जिथे थर सगळ्यात बेभरवशाचा आणि सीडी जरा वाकडी असली तर हलते पण तिथेच जास्त. त्यामुळे ओव्हरबर्नला १६ एक्स ठेवा, फार तर २४. अगदी चारपर्यंत खाली पण नेऊ नका, आताच्या सीडीचा थर जास्त स्पीडसाठी बनवलेला असतो, फार हळूमध्ये उलट खराब येते.

११. ड्राइव्ह खराब होते का ओव्हरबर्नने?

एक-दोन मिनिटांनी नाही. पण ८५-९० टाकून बसलात तर हेड आपल्या शेवटच्या जागेपर्यंत जाऊन अडतं आणि पुढे सरकायचा प्रयत्न करत राहतं, आतून कटकट आवाज येतो. तो आवाज आला की रद्द करा. सीडी गेली तर गेली, ड्राइव्ह वाचवा, चांगली ड्राइव्ह मिळणं आता अवघड झालंय.

१२. कानबाईच्या गाण्यांची ऑडिओ सीडी करायचीय, गाणी ८० मिनिटं ३० सेकंद होताहेत. ओव्हरबर्न करू का?

करू नका, लागतच नाही. ऑडिओ सीडीत प्रोग्राम प्रत्येक गाण्यामधे दोन सेकंदांची शांतता टाकतो आणि ती एकूण वेळेत धरतो. वीस गाणी असतील तर १९ जागा, म्हणजे ३८ सेकंद. ती शून्य करा, तुमचं काम झालं. पहिल्या गाण्याच्या आधीचे दोन सेकंद मात्र ठेवावेच लागतात, ते हलत नाहीत. बायकांनी घरात म्हटलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला सुरुवातीला खोकणं, भांड्यांचा आवाज, "झालं का चालू" असं असतंच, ऑडॅसिटीत थोडं थोडं कापलं तरी मिनिट निघतं. पण सगळं कापू नका हां, म्हातारीचा आवाज त्यातच असतो कधी कधी, नातवंडांना पुढे तोच हवा असतो.

मोनो केलं तर जागा वाचेल का असं पण विचारतात. नाही. ऑडिओ सीडी नेहमी स्टिरिओ, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो टाकलं तरी दोन्ही बाजूला तेच लिहिलं जातं, वेळ तेवढाच. प्लेयर एमपीथ्री वाचत असेल तर डेटा सीडी करा, दहा ऑडिओ सीडींची गाणी एकीवर बसतात.

आणि एवढं करूनही ८१ मिनिटं होतच असतील तर शेवटी असं गाणं ठेवा जे अडकलं तरी चालेल. आरती शेवटी असते म्हणून ती शेवटी ठेवू नका. जुन्या गाडीतले प्लेयर ८० च्या पुढची वेळ बघून पूर्ण सीडीच बाहेर टाकतात, ते आधी तपासा.

१३. मालेगावच्या पिक्चरची, अहिराणी गाण्यांची व्हीसीडी बघितली, त्यात ७८०-७९० एमबीची फाइल आहे आणि सीडी ७०० ची. हे कसं बसवलं?

ह्यात ओव्हरबर्न अजिबात नाही. सीडीचा प्रत्येक सेक्टर खरं तर २३५२ बाइटचा आहे. डेटा सीडीत त्यातले २०४८ तुमच्या कामाचे, बाकीचे ओळख आणि चुका दुरुस्त करायच्या कोडसाठी, कारण एका फाइलमधला एक बाइट चुकला तर झिप उघडणार नाही. व्हिडिओत एखादा ठिपका चुकला तर कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून व्हीसीडीत तो दुरुस्तीचा थर काढून सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरतात. ८० मिनिटांचा हिशोब केला की ७९८ एमबी येतात. ऑडिओत तर पूर्ण २३५२ वापरतात, म्हणून ८० मिनिटांच्या डब्ल्यूएव्ही फाइली ८०७ एमबी दिसतात आणि तरी बसतात.

ह्याचा दुसरा अर्थ पण बघा. व्हीसीडीवर ओरखडा आला की पिक्चर चौकोन चौकोन होऊन पुढे सरकतो, त्या चुका दुरुस्त करायला दुसरा थरच नाहीये. आपल्याकडच्या जुन्या व्हीसीडींचं आता जे झालंय ते त्यामुळे पण आहे. तुमच्याकडे अशा असतील, लोकल कलाकारांच्या, ज्या दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत, तर आजच कॉम्प्युटरवर काढून घ्या, कसं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

१४. ९० मिनिटं, ९९ मिनिटं लिहिलेल्या सीडी असतात ना?

असतात, ९० म्हणजे ७९१ एमबी आणि ९९ म्हणजे ८७० एमबी. पण स्टँडर्ड ८० मिनिटांवर थांबतं, त्यामुळे अशा सीडी स्वतःला ८० चीच सांगतात आणि वरचं सगळं ओव्हरबर्न करूनच मारावं लागतं. त्यासाठी वेढे अजून जवळ आणलेले असतात, मग काही ड्राइव्ह मारतात, काही वाचतात, काही दोन्ही करत नाहीत. घरच्या घरी वापरायला ठीक, लोकांना द्यायला नको.

प्लेक्स्टरच्या प्रीमियम ड्राइव्हमध्ये २००३ च्या सुमाराला गिगारेक नावाचं वेगळं तंत्र आलं होतं, त्यात खड्डेच जवळ जवळ मारून साध्या सीडीवर १.४ पटीपर्यंत डेटा जायचा. ते ओव्हरबर्न नाही, घनता वाढवणं आहे, आणि अशी सीडी दुसऱ्याच्या मशीनवर चालेल याची खात्री नसते.

१५. सीडी-आरडब्ल्यूवर ओव्हरबर्न करून बघू का, बिघडलं तर पुसता येईल?

काही ड्राइव्ह करतात. पण त्यावरून तुमच्या साध्या सीडीबद्दल काही कळत नाही, तिची खाच वेगळी, तिची हद्द वेगळी. इमेज नीट बनलीय का, फाइली बरोबर लागल्यात का एवढं तपासायला आरडब्ल्यू चांगली. आणि तुमची आरडब्ल्यू पेन ड्राइव्हसारखी ओढा-टाका फॉरमॅट केलेली असेल तर ६५० ची फक्त ५३० च्या आसपास दिसते, तेव्हा जागा कमी दिसण्याचं कारण ते आहे.

१६. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलंय आणि ४.५ जीबीची फाइल बसत नाही. ओव्हरबर्न करू?

४.७ जीबी हे कंपनीचे जीबी, शंभर कोटी बाइटचे. विंडोजच्या हिशोबात ते ४.३८ होतात. तुमची ४.५ ची फाइल म्हणजे सव्वाशे एमबीने जास्त, इतकं ओव्हरबर्न कोणत्याच डीव्हीडीवर होत नाही.

थोडक्यासाठी अडलं असेल तर एक गोष्ट करून बघा. मायनस आर आणि प्लस आर सारख्या नसतात. डीव्हीडी मायनस आरमध्ये २२,९८,४९६ सेक्टर, प्लस आरमध्ये २२,९५,१०४. म्हणजे मायनसवर साडेसहा एमबी जास्त बसतात, काही न करता. चार-पाच एमबीसाठी अडलेल्या लोकांचं एवढ्यावर भागतं.

डीव्हीडीचं ओव्हरबर्न मोजक्या ड्राइव्ह करतात, ते पण थोडंच, आणि प्लस आरमध्ये नुसतं करून बघायची सोय नाही, म्हणजे आधी टेस्ट करता येत नाही. डबल लेयरवर तर नकोच. लग्नाची शूटिंग असेल तर व्हिडिओ परत एन्कोड करा, दोन तासांच्या डीव्हीडीला सगळं मिळून पाच एमबीपीएस धरलं तर आरामात बसतं आणि टीव्हीवर फरक कळत नाही. नाहीतर सरळ दोन डीव्हीडी करा, हळदीची वेगळी आणि लग्नाची वेगळी, लोकांना ते आवडतं पण.

१७. वकीलसाहेबांनी सीसीटीव्हीचं फुटेज सीडीत मागितलंय, ७१० एमबी आहे. चालेल का ओव्हरबर्न?

नाही. इथे माझं उत्तर एकच आहे. फुटेजसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आधी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली द्यायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. नव्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, लिहायची असते. शेवटचा एक सेक्टर जरी वाचला गेला नाही तरी हॅश जुळणार नाही, आणि कोर्टातली ड्राइव्ह कोणती असेल ते तुमच्या हातात नाही. डीव्हीडीवर द्या, फाइल जशी आहे तशी, कापू नका, परत एन्कोड करू नका, कारण त्यानेही हॅश बदलते. दोन कॉप्या करा, दोन्हींची हॅश डीव्हीडीवरून वाचून तपासा, हार्डडिस्कवरच्या फाइलची तपासून उपयोग नाही.

१८. माझ्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी ओव्हरबर्न केलेली सीडी आहे, आता शेवटच्या फाइली निघत नाहीत. काही होऊ शकतं का?

पुष्कळ वेळा होतं, धीर धरावा लागतो फक्त. कडेचा भाग पहिला जातो, कारण दमट हवा आत शिरते ती कडेने. आणि आपल्याकडचा मे महिना, भुसावळ-जळगावचं ४५ डिग्रीचं ऊन, पत्र्याच्या खोलीतलं कपाट, गाडीचा डॅशबोर्ड, रंगाचा थर ह्यात टिकत नाही.

आधी सीडी साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कपड्याने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. मग वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा, ओव्हरबर्न केलेली सीडी वाचायची ताकद ड्राइव्हगणिक बदलते, लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हला जे जमत नाही ते जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हला जमतं. मित्रांकडे, सायबर कॅफेवाल्याकडे, जिथे जुनं मशीन असेल तिथे विचारा. नीरोच्या ड्राइव्ह स्पीडसारख्या प्रोग्रामने वाचायचा स्पीड ४ किंवा ८ वर आणा.

विंडोजमधून कॉपी-पेस्ट करू नका, एक एरर आला की ते सगळी फाइल सोडतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरा, ते आधी जे सहज निघतं ते काढतं आणि मग अडलेल्या जागांवर परत परत येतं, आणि कुठपर्यंत झालं त्याची नोंद ठेवतं, त्यामुळे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून राहिलेला भाग पुढे चालू करता येतो. विंडोजवाल्यांनी आयसोबस्टर वापरा. एक अडचण येते, काही प्रोग्राम अनुक्रमणिकेतला आकडा बघून ८० मिनिटांवर थांबतात, तेव्हा सेक्टरची शेवटची मर्यादा हाताने वाढवून द्या. व्हीसीडी असेल तर साध्या पद्धतीने इमेज काढू नका, त्यात २०४८ चा हिशोब धरला जातो आणि फाइल मोडते, आयसोबस्टरमध्ये व्हिडिओ ट्रॅक वेगळा काढायचा ऑप्शन आहे तो घ्या.

व्हिडिओ असेल आणि शेवटचे काही सेक्टर निघालेच नाहीत तरी फाइल टाकून देऊ नका, व्हीएलसीमध्ये लावा, जिथे तुटलंय तिथपर्यंत चालते. निघालेलं सगळं हार्डडिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि परत सीडीच हवी असेल तर ह्या वेळी दोन सीडींमध्ये वाटून मारा. जुनी सीडी फेकू नका, पुढे एखादी चांगली ड्राइव्ह हाती लागली तर राहिलेले सेक्टर तिच्यातून निघू शकतात.